पणजोने दडवलेली खिंड

जुने पोर्तुगीज कागद मराठीत उतरवून देणे हे माझे काम. बहुतेक कागद जमिनीचे असतात आणि आणणारी माणसे घाईत असतात. पण दिवाळीनंतर फोंड्याहून एक गृहस्थ पेडण्याला माझ्याकडे आले, त्यांना घाई नव्हती. वास्कोला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांनी पिशवीतून एक वही काढून मेजावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवूनच बसून राहिले.

"माझ्या पणजोबांची वही," ते म्हणाले. "फिरंग्यांच्या राज्यात रेल्वेसाठी डोंगर मोजत फिरायचे. त्यांचं नेमकं काय चुकलं, तेवढं मला कळायला हवं."

त्यांच्या पणजोबांना डिचोलीच्या बाजूने रुळांसाठी वाट शोधायला पाठवले होते. त्यांनी लिहून दिले, डोंगर सलग आहे, वाट नाही. वर्षभराने दुसरी तुकडी पलीकडच्या अंगाने आली आणि तिला खिंड सापडली. तोवर रूळ मुरगावहून दूधसागराच्या बाजूने न्यायचे ठरून गेले होते. तरीही पणजोबांची नोकरी गेली.

"आमच्या घरात अजून म्हणतात, त्यांना समोरची खिंड दिसली नाही," गृहस्थ म्हणाले, आणि मग वहीवरचा हात काढला.

अक्षर बारीक पण स्वच्छ होते. उंचीचे आकडे, ओढ्यांची रुंदी, मजुरांना आलेला ताप, भिजलेली दुर्बीण. चौथ्या दिवशी मी ज्या पानावर आले तिथे आमच्या गावाचे नाव होते. डिचोली तालुक्यातले माझे माहेर. खाली लिहिले होते: गावातला एक तरुण वाटाड्या मिळाला. त्याच्या उजव्या हाताला सहा बोटे आहेत. तीन दिवस त्याच्याबरोबर बांबूच्या रानातून हिंडलो. तो म्हणतो, या डोंगराला खिंड नाही.

मी उठले. जनेल उघडून बाहेर पाहिले, परत आले, पुन्हा ती ओळ वाचली. आमच्या पणजोला सहा बोटे होती. माझ्या भावालाही जन्मतः सहावे बोट होते, ते डॉक्टरांनी काढले. पणजोने फिरंग्यांच्या साहेबाला डोंगर दाखवला, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. आणि खिंड तर आमच्या घरामागे अर्ध्या तासावर आहे. पलीकडच्या गावच्या देवळात जायला आम्ही लहानपणापासून तीच वाट धरायचो.

त्या दिवशी माझ्याने दुसरे काही झाले नाही. भात करपला. नवऱ्याने काय झाले म्हणून विचारले, तर मी त्याच्यावरच उखडले. सकाळी पहिली बस पकडून माहेरी गेले.

बाबा अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

"खोटं," ते म्हणाले. "तुझा पणजो खोटं बोलणारा न्हय. साहेबालाच समजलं नसेल."

"बाबा, तीन दिवस त्याने त्यांना उलट्या बाजूला फिरवलं. वहीत ओढ्यांची नावं आहेत. सगळे ओढे उत्तरेचे, आणि खिंड तर दक्षिणेला."

ते सुपाऱ्या पसरत राहिले. पसरलेल्याच पुन्हा पसरत होते. मग काठी घेऊन म्हणाले, "चल."

वाट आता करवंदांनी अर्धी बुजली आहे. बाबा ऐंशीच्या घरातले, तरी माझ्या पुढे चालत होते. खिंडीच्या तोंडाशी थांबून त्यांनी काठीने खाली दाखवले. झऱ्यापासून उतरत गेलेले आमचे कुळागर. सुपारीच्या माडी, केळी, मिरीचे वेल आणि मधून वाहणारा पाट. रूळ आले असते तर ते याच पट्ट्यातून उतरले असते. दुसरीकडे जागाच नव्हती.

"हे त्याने लावलं," बाबा म्हणाले. "तेव्हा रोपं गुडघ्याएवढी असतील."

मला वाटले होते, कारण कळले की जीव थाऱ्यावर येईल. तसे झाले नाही. खाली आमची बाग आणि फोंड्यात त्या वहीच्या भाषांतराची वाट पाहत बसलेला माणूस, दोन्ही एकदम दिसत होते. पेडण्याला परतताना बसमध्ये तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. भाषांतर द्यायचे आणि गप्प बसायचे, असेही मनात आले. अखेर धारगळला बस थांबली तेव्हा त्यांना फोन लावला.

"तो वाटाड्या माझा पणजो," मी म्हटले. "खिंड त्याला माहीत होती."

त्यांनी गावाचे नाव विचारून घेतले. मग ते म्हणाले, "मला ती जागा दाखवाल?"

रविवारी ते आले. चढावर दोनदा बसले, पण हात कोणाला धरू दिला नाही. खिंडीत पोचल्यावर एक डोळा मिटून त्यांनी उतार न्याहाळला, पावले टाकून रुंदी मोजली.

"येथून गाडी आरामात गेली असती," ते म्हणाले. "पूलसुद्धा एकच लागला असता."

"होय," बाबा म्हणाले.

"आमच्या पणजोबांना दिसत होतं हो. त्यांना दाखवलं नाही कुणी."

बाबांनी मान खाली घातली. गृहस्थ मग कुळागराकडे वळले. खूप वेळ पाहत राहिले. पाण्याचा आवाज वर येत होता.

"मी असतो तरी लपवली असती कदाचित," ते म्हणाले. आवाजात राग होता, तो त्यांनी झाकला नाही. "पण नोकरी त्यांची गेली."

दुपारी ते आमच्याकडे जेवले. निघताना मला म्हणाले, "वहीत आहे तेवढंच लिहा. वाटाड्या म्हणतो, खिंड नाही. बाकीचं घरच्यांना मी तोंडाने सांगेन."

गाडी वळणाआड गेली तरी बाबा फाटकातच उभे होते.

"मी माफी मागायला हवी होती काय गो, बाय?"

"मला नाही कळत, बाबा."

आठवड्याने बाबांनी फोन करून त्या गृहस्थांचा नंबर मागितला. मी दिला. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही. भाषांतराची चाळीस पाने मी फोंड्याला पोचती केली. आता दुसरे कागद समोर असतात, पण एखाद्या पानावर ओळखीचे गाव आले की मी आधी उठून घरभर एक फेरी मारते, मगच पुढचे वाचते.