पिस्तुलाला बांधलेला लाल टॅग

एका माणसाच्या अंगात किती संशय मावू शकतो, हे मला काळेवाडीत आमच्या घरमालक काकांकडे राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. दूधवाला, रिक्षाचा मीटर, वाण्याचा काटा, यांच्यावर तर कुणीही संशय घेईल. काकांचा स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या मशीनवरही विश्वास नव्हता. आकडा जास्त आला की ते शेजाऱ्याला बोलावून त्याच्या दंडाला पट्टा बांधत आणि त्याचाही जास्त आला की समाधानानं म्हणत, "बघा, मशीनच खोटं हाय." लष्कराच्या शस्त्रदुरुस्तीत वीस वर्षं कानस चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता चाकणच्या एका कंपनीत मालकांचे हत्यारी रक्षक होते. त्याच कंपनीच्या क्वालिटी विभागात मी नुकताच लागलो होतो, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आईनं माझं पदवीपत्र मोठ्या हौसेनं लॅमिनेट करून दिलं होतं. खोली देण्याआधी काकांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे प्लास्टिक कशाला? खाली काय लपवलंय?"

"काही नाही काका. भिजू नये म्हणून."

"व्हय, समदे असंच म्हणत्यात. होल्डवर ठिवू."

आमच्या कंपनीत तपासलेल्या मालाला हिरवा टॅग लागतो, नाकारलेल्याला लाल. ज्याचा निकाल लागायचाय तो माल होल्डवर. म्हणजे खोली मिळाली, पण मी होल्डवर राहिलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही. अनोळखी शहरात कमी भाड्यात खोली आणि रविवारी त्यांच्याच घरचं मटण मिळत होतं. वाढताना ते माझ्याकडे संशयानं पाहत, एवढंच.

एकाच वस्तूचा स्वस्त आणि भारी असे दोन प्रकार असले की काकांच्या डोळ्यांत चमक यायची. त्यांचा सिद्धान्त असा की दोन्ही एकाच साच्यातून निघतात आणि फरक फक्त खोक्यात असतो. एकदा त्यांनी साधा आणि भारीतला असे दोन मिक्सर शेजारी शेजारी उघडले. आतली मोटर सारखीच निघाली म्हणून दिवसभर खुशीत होते. परत जोडताना उरलेले तीन स्क्रू अजून खिडकीत आहेत आणि तेव्हापासून दोन्ही मिक्सर सारखेच चालतात, म्हणजे चालत नाहीत.

अशा माणसासमोर मालकांनी नवं पिस्तूल ठेवलं. काकांकडे होतं तेही त्याच नमुन्याचं, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आखलेल्या आणि अजून न बदललेल्या. फक्त काकांचं साध्यातलं, काळपट, आत कानशीचे ओरखडे तसेच असलेलं, हलवलं की खडखडणारं. मालकांचं हातानं घासून-बसवून केलेलं, आरशासारखं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं. मालक म्हणाले, "काका, बघून ठेवा जरा." त्यांना कौतुक हवं होतं. काकांनी तपासणी केली. सिक्युरिटी केबिनमध्ये टॉवेल पसरून दोन्ही पिस्तुलं खोलली आणि जेवणाच्या सुट्टीत मला बोलावलं.

"माझं खडखडतंय, कारण त्याच्या पोटात काय लपलेलं न्हाई," ते म्हणाले. "ह्ये बघ कसं गप बसलंय. आत धूळ गेली की आडकणार. येक लाल टॅग दे. आन येक हिरवा."

"दोन्ही कशाला?"

"निकाल आधी ठरवून तपासणी करत्यात व्हय, शिकलेल्या माणसा?"

टॅग विभागाबाहेर द्यायचे नसतात. मी दिले. नाही म्हणण्याइतका मी त्यांच्याशी कृतघ्न होऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पाहुण्यांसमोर खोकं उघडलं. पिस्तुलाच्या मुठीला लाल टॅग लोंबत होता. त्यावर काकांच्या अक्षरात कारण होतं: "संशयास्पद." पाहुणे हसले; मालक हसले नाहीत. प्रत्येक टॅगवर नंबर असतो आणि तो नंबर माझ्या नावावर निघाला. मला वर बोलावलं गेलं. प्रोबेशनचे तीन आठवडे उरले होते. गावी आईनं नोकरी पक्की झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं.

काका दारातच सावधान उभे होते. "टॅग मी चोरला, साहेब. त्याच्या टेबलावरनं. पोराला ठावं न्हाई."

साऱ्या जगाला खोटं ठरवणाऱ्या माणसाला मी खोटं बोलताना तेवढं एकदाच पाहिलं. आणि मी गप्प राहिलो.

त्या रविवारी मालक काकांना घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेले. मालकांचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. काकांचं तिसऱ्याच गोळीला अडकलं. सोमवारपासून काका मागच्या गेटवर, हातात काठी. "भारीतलं चांगलंच हाय," त्यांनी मला बसथांब्यावर सांगितलं. मग बसच्या वाटेकडे बघत म्हणाले, "पॉलिशचा मातर अजून भरवसा न्हाई." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बस आली. चढ."

माझी नोकरी पक्की झाली. पुढे लग्न ठरलं आणि मी मोशीला मोठी खोली घेतली. काळेवाडीतून निघताना काकांनी माझ्या पिशव्या उघडून पाहिल्या, चमचेही मोजले. नव्या घरी सामान लावताना पदवीपत्राच्या फाइलला दोऱ्यानं काहीतरी बांधलेलं दिसलं. तो हिरवा टॅग होता. कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं, खाली फक्त काकांची सही होती.

मागच्या गेटवर ते अजून रोज माझा डबा उघडून पाहतात. झाकण मी आधीच सैल करून ठेवतो.