हैदराबादची भट्टी आणि आमची सोयरीक

नांदेडहून गाडी सुटताना दादाने खिडकीशी येऊन बजावलं, "डोळ्यांनी बघून ये. म्हणजे मी नाही म्हणायला मोकळा." त्याच्या मुलीला, प्रज्ञाला, हैदराबादचा सुमेध पसंत होता. अडलं होतं मुलाच्या नोकरीपाशी. तो कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पात कामाला. "आपल्या आजोबांनी गावकीची घाण उपसणं सोडलं, त्यापायी गाव सोडलं. आणि मी लेक पुन्हा उकिरड्यावर देऊ?" हे दादाचं म्हणणं मलाही पटत होतं, खोटं कशाला बोलू?

सुमेधचं घर नल्लकुंट्यात. त्याच्या आई कमलताई मूळच्या आमच्याच मराठवाड्यातल्या. ताटात गरम भात आणि गोंगुरा पचडी (अंबाडीची चटणी) आली, पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी. "परेशान नका होऊ ताई, तूप घ्या," त्या म्हणाल्या आणि हळूच पुढे, "पोरगा वीज खात्यातच आहे म्हणा की."

"आई, कायकू झूट बोलतीस?" आतून सुमेधचा आवाज आला. "कचऱ्यात आहे म्हण ना."

तिथेच मुलगा मला थोडा आवडला. पण थोडाच.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच ड्युटीवर गेला, मी मागून रिक्षाने निघाले. "चेत्ता (कचरा) जलाने की कंपनी? वहाँ कायकू जारे अम्मा?" रिक्षावाल्याने विचारलं. जावई बघायला, असं सांगायची मला लाज वाटली. शहर मागे पडलं, मोठमोठ्या गोल शिळा लागल्या आणि मग वास आला. फाटकातून आत शिरताना माझा पदर नाकाला होता.

सुमेध बसून काम करतो ती काचेची खोली मात्र स्वच्छ, वासाचा मागमूस नाही. खाली कोठारात अख्ख्या शहराचा कचरा. तिथली हवाच पंख्यांनी ओढून भट्टीला देतात, म्हणून दुर्गंधी बाहेर पडत नाही, असं तो म्हणाला. दोन दांडे हलवून तो लोखंडी पंजाने कचरा उचलत होता, उंचावरून सोडत होता, पुन्हा उचलत होता.

"हा काय खेळ रे?"

"कालवतोय, आत्या. फुलबाजाराचा झेंडू आलाय, ओला गच्च. तसाच टाकला तर भट्टी बसते, विझायला लागते."

माझ्या प्रश्नांना उत्तरं देता देता त्याचं लक्ष समोरच्या मॉनिटरच्या पडद्याकडे गेलं. भट्टीचा ताव उतरत होता. त्याने कोपऱ्यातला वाळका ढीग उपसला, ओल्यात मिसळला, पंजा भरभरून भट्टीच्या तोंडी दिला. ताव सावरेपर्यंत मी पडद्यावरून नजर हलवली नाही. नंतर त्याने मला यंत्रघर दाखवलं. पायांखालची फरशी थरथरत होती. कालपर्यंत लोकांनी नाक मुरडून फेकलेलं इथे जळून, पाण्याची वाफ करून विजेचं चाक फिरवत होतं. मी थक्क झाले.

पण बाहेर पडताना एक पट्टा दिसला. सरकत्या कचऱ्यातून काच, दगड वेचणाऱ्या बायका. माझा चेहरा उतरला.

"ह्या बायका तिथंच, घाणीतच राहिल्या की रे."

"हौ आत्या. लोक घरात ओलं-सुकं वेगळं करत नाहीत, यांचे हात काचेने कापले जातात. इथं मशीन बसवा आणि ते चालवायला यांनाच शिकवा, म्हणून मी साहेबांच्या मागं लागलोय."

"आणि तू? तुला नाही वाटत यातून बाहेर पडावं?"

त्याने पट्ट्यावरच्या बायकांकडे पाहिलं. "आजोबांच्या पिढीला नाही म्हणायची सोय नव्हती. मी शिकून, मागून घेतलीय ही नोकरी. उद्या सोडली तर कुणी मारायला येणार नाही. पण यांना सोडून जाववत नाही."

नांदेडला दादा स्टेशनवर उभाच होता. घरापर्यंत मी एकटीच बोलले. पट्ट्यावरच्या बायकांचंही सांगितलं, लपवलं नाही. दाराशी आल्यावर त्याने पिशवी खाली ठेवली.

"लग्नपत्रिकेत मुलाच्या नावापुढं काय छापायचं?" त्याने विचारलं. "वीज की कचरा?"

"दोन्ही छाप," मी म्हटलं. "आणि कचरा आधी."