उभ्यानं खाल्लेलं

जयवंताबाईचं वजन त्र्याऐंशी किलो होतं, आणि आठ किलो उतरल्याशिवाय पिशवीचं ऑपरेशन करणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं. म्हणून चौऱ्याऐंशी साली दवाखान्यातून तिचं नाव माझ्या व्यायामाच्या वर्गात आलं. धरमपेठेमागच्या वस्तीत, विहाराच्या ओट्यावर, मी रोज दुपारी बायांकडून व्यायाम करून घ्यायचे. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला हात वर कर, कंबर वाकव म्हणायचं. माझी मलाच लाज वाटे, पण नोकरीच ती होती.

जयवंताबाई एक दिवस चुकली नाही. जयभीम करून कोपऱ्यात उभी राही आणि धापा टाकत सगळं करी. दीड महिन्यात काटा हलला नाही. काय खाता विचारलं की उत्तर ठरलेलं, रात्री अर्धी भाकर आणि चटणी. बाई धडधडीत खोटं बोलते, असं मला वाटलं. एक दिवस चिडून मी तिच्यासोबत कामाच्या चारही घरी गेले.

तिथे उलगडा झाला. भांडी घासायच्या आधी प्रत्येक घरी मोरीजवळ तिच्या हातावर रात्रीचं उरलेलं पडे. एका घरी तेलकट भात, दुसऱ्या घरी पुऱ्या, तिसऱ्या घरी तुपाळ शिरा. नाही म्हटलं तर मालकिणीला राग येई. मी जाब विचारला, तर ती चकितच झाली.

"थे काय जेवन व्हय, बाई? उभ्यानं टाकलं तोंडात. जेवन म्हणजे ताट घेऊन बसनं."

मग मी शहाणपण पाजळलं. उद्यापासून उरलंसुरलं बंद, घरचं ताजं खायचं. तिनं चारही घरी हात जोडून नको म्हणून सांगितलं, आणि वजन भराभर उतरू लागलं. मी खूश. चौथ्या आठवड्यात ती हात वर करता करता मटकन खाली बसली आणि उठेचना.

गूळपाणी पाजल्यावर मी विचारलं, घरी स्वयंपाक होत नाही का?

"होते ना. खानारे पाच. मी बाहेरून खाऊन येत होती, म्हणून त्याइले पुरत होतं. आता माह्यापर्यंत येतच नाही."

मग घ्या पुन्हा त्या घरचं, मी म्हटलं. ती थकून हसली.

"माह्या वाट्याचं आता गाईले जाते, बाई. गाईच्या तोंडातलं कसं मांगू?"

मी डब्यात दोन पोळ्या जास्त आणू लागले. त्या ती पदरात बांधून पोरांना नेई. रागवायचंही त्राण मला उरलं नव्हतं.

आठ किलो उतरले. ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, हा व्यायामाचा गुण म्हणाले. जयवंताबाई शेजारीच बाकावर बसली होती, डोळे खोल गेलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, जणू डॉक्टरांचं खरंच आहे. मी शाबासकी घेतली.