गोलकीपरच्या घरची काच

त्याला सगळे काचवाले म्हणत. आडनाव विचारलं असतं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. दुकान बापापासून आलेलं, चिंचोळं. आत शिरलं की डाव्या भिंतीला उभ्या टेकवलेल्या काचा, उजवीकडे लांबलचक टेबल, त्यावर जुनं घोंगडं अंथरलेलं, आणि टेबलामागे तो. काच कापायची हिरकणी घ्यायची, काचेवर एकच रेघ ओढायची, खालून हलकेच ठोकायचं, की काचेचे सरळ दोन तुकडे हातात. रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा. तसाच श्वास शनिवारी दुपारी फुटबॉलच्या मैदानावर, समोरचा खेळाडू आपल्या गोलकडे धावत सुटला की.

स्वभावानं अगदी मवाळ. रस्त्यात भांडण दिसलं की दुसऱ्या गल्लीनं जाणारा. पण मैदानाच्या पायऱ्यांवर बसला की हाच माणूस असा काही ओरडायचा की सोमवारपर्यंत घसा बसलेला. बायको म्हणायची, "घरात दोन शब्द बोलायला महाग, आणि तिथं जाऊन सगळा गळा उधळून येता." तो नुसता हसायचा. लेक लग्न होऊन परगावी गेली होती. घरात दोघंच. बोलायला असतं तरी काय फारसं?

मैदानावर त्याच्या शेजारची जागा मेहुण्याची. बायकोचा धाकटा भाऊ, शाळेची गाडी चालवायचा. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी घरोघरी सोडायची. पोरं त्याला गाडीवाले मामा म्हणत. वसंतात त्याची बायको गेली. दुखणं लांबलं नाही, म्हणून त्याला सावरायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हापासून तो बहिणीकडे जेवायला यायचा, ताटात बोटं फिरवत बसायचा आणि जायचा. एका शनिवारीच त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग यायचा. म्हणून काचवाला त्याला काही झालं तरी मैदानावर न्यायचाच.

आणि नेमकं यंदाच संघाचं घोडं पेंड खायला लागलं.

लीगचा नियम साधा. हंगामाच्या शेवटी तळाचे तीन संघ खालच्या विभागात जातात. मागं एकदा आपला संघ असाच खाली गेला होता, तो वर यायला कितीतरी वर्षं लागली. तेव्हाचं रिकामं मैदान काचवाल्यानं पाहिलेलं होतं. पायऱ्यांवर गवत, स्पीकर बंद, आणि चेंडूला लाथ मारली की समोरच्या भिंतीवरून आवाज परत येणार. ते दिवस त्याला पुन्हा नको होते.

यंदा पाच सामने झाले होते. चार हरले, एक बरोबरीत. पाचवा सामना तर हातात येऊन गेला. शेवटच्या मिनिटाला एक साधा, लोळत आलेला चेंडू गोलकीपरच्या हातातून निसटला आणि दोन पायांमधून आत गेला. मग मैदानात जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. काचवाल्याचा आवाजही त्यात होता. गोलकीपरच्या आईलाही त्यानं सोडलं नव्हतं.

सामन्यानंतर दुकानाचं शटर अर्धं वर करून आत बसायचं, हा त्यांचा रिवाज. तिसरा गडी बेकरीवाला. तो नदीपलीकडच्या गावाचा, संघही तिकडचा, आणि तोही तळाशीच, फक्त एक पायरी वर.

"अजून कितीतरी सामने आहेत," बेकरीवाला म्हणाला. "आत्ताच सुतक कशाला?"

"तुला बोलायला काय जातं? तुम्ही एक जिंकलात."

"तेही पेनल्टीवर. तुमचं आमचं दुखणं एकच रे. फक्त तुम्हाला ताप एक डिग्री जास्त."

"पुढच्या पाचात दोन जिंकले तरी वर सरकू," काचवाला बोटांवर मोजत म्हणाला. "वरच्या संघांशी हरलो ते सोडून दे. खरी लढाई आपल्यासारख्यांशीच."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मेहुणा पहिल्यांदाच बोलला. "गोल करणारा कोण आहे आपल्याकडे? आणि केला तरी हा शहाणा तो मागच्या दारानं देऊन टाकणार."

"त्याला बसवतील बाहेर," बेकरीवाला म्हणाला.

"कोण बसवतंय? कोचचा लाडका आहे तो."

वातावरण जड झालं. ते हलकं करावं म्हणून काचवाला म्हणाला, "त्याच्या घरच्या काचा फोडा कुणीतरी, म्हणजे उघडतील डोळे. तेवढाच माझा धंदा!"

बेकरीवाला खो खो हसला. मेहुणा हसला नाही. "घर माहितीये मला," तो म्हणाला. "पोरगी माझ्याच गाडीत असते त्याची."

मग बेकरीवाल्याला घरून फोन आला आणि बैठक मोडली.

रविवारी सकाळी दुकानाचा फोन वाजला. बाईचा आवाज. खिडकीची काच फुटलीय, आजच्या आज बसवून मिळेल का? पत्ता लिहून घेताना त्याला काही वाटलं नाही. दारावरची पाटी वाचली तेव्हा मात्र पाय जागच्या जागी थांबले. परत फिरावं असंही मनात आलं. पण दार उघडलं गेलं होतं.

दार खुद्द गोलकीपरनं उघडलं. मैदानावर भिंतीसारखा दिसणारा माणूस घरातल्या बनियनमध्ये साधा, वाकलेला वाटत होता. खिडकी मागच्या बाजूच्या खोलीची. आत छोटा पलंग, भिंतीवर पेन्सिलीनं काढलेले ससे, आणि जमिनीवर काचांचा सडा. गोलकीपर गुडघ्यांवर बसून सतरंजीतले तुकडे उघड्या हातांनी वेचत होता. तळव्यावर रक्ताची रेघ.

"अहो, हात!" काचवाला ओरडलाच. "तुम्ही कशाला हात घालताय त्यात? ठेवा ते."

"या हातांचं आता काय राहिलंय, काका?" तो म्हणाला. मग स्वतःच हसला. "लोक म्हणतील, दगडसुद्धा अडवता आला नाही याला."

काचवाल्यानं त्याला पलंगावर बसवलं, पिशवीतला चिमटा काढला आणि तळव्यात रुतलेलं काचेचं कुसळ उजेडात धरून ओढलं. एवढा मोठा पंजा त्यानं लहान मुलासारखा पुढं धरून ठेवला होता.

"मॅचला जाता तुम्ही?" गोलकीपरनं विचारलं.

"जातो."

"काल होतात?"

"होतो."

पुढचा प्रश्न आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं काचवाल्याला वाटत राहिलं.

पोरगी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. सहा वर्षांची असेल. आत यायला तयार नव्हती. रात्रभर आईच्या कुशीत झोपली, आता ही खोलीच नको म्हणते, असं आईनं सांगितलं. आत जाळी घातलेली काच बसवता येईल का, तिनं विचारलं. काचवाला म्हणाला, "येईल, पण खोली तुरुंगासारखी दिसेल. मुलीची खोली आहे."

"दिसू दे," गोलकीपर म्हणाला.

दुकानातून जाळीची काच आणून त्यानं ती बसवली. चौकटीत काच धरून ठेवणारी जुनी, वाळलेली लांबी पटाशीनं खरवडली, नवी भरली, अंगठ्यानं दाबत नेली. रोजचं काम. पण हात चुकत होते. 'घर माहितीये मला' हे शब्द काही केल्या कानातून जात नव्हते. नसेल, नसेल, तो स्वतःला सांगत होता. गावात काय कमी माथेफिरू आहेत? निघताना पोरगी म्हणाली, "ही फुटत नाही?"

"फुटली तरी आत पडत नाही," तो म्हणाला. याहून खरं त्याला काही सांगता आलं नाही.

मेहुणा त्या दिवशी जेवायला आला नाही. सोमवारी दुपारी काचवाल्यानं दुकान बंद केलं आणि शाळेच्या गाड्या उभ्या राहतात त्या पटांगणावर गेला. मेहुणा गाडी धूत होता. स्वच्छ गाडीच पुन्हा पुन्हा धूत होता.

"तूच ना?" काचवाल्यानं विचारलं.

मेहुण्यानं नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"मला वाटलं, अडगळीची खोली असेल ती. मागची खोली म्हणजे अडगळीची, नाही का? दिवा नव्हता, काही नव्हतं." त्यानं हातातलं फडकं पिळलं. "दाजी, आज सकाळी ती गाडीत बसली. माझ्या मागच्याच सीटवर बसते. सगळ्या पोरांना सांगत होती, चोर आला होता, आमची काच फोडली. मग मला म्हणाली, मामा, तुमच्या घरी चोर येतो का? मी आरशात बघायचं बंद केलं. शाळेपर्यंत आरशात न बघता गाडी चालवली मी."

"अरे, पण का? मॅच आपण याआधी कधी हरलोच नाही का?"

"शनिवार सोडला तर माझ्याकडे राहिलंय काय? सांगा ना. घरी गेलं की भिंती. हे खाली गेले, मैदान ओस पडलं, की मी कुठं जाऊ?" तो बादलीवर बसला. "आणि तुम्हीच म्हणालात, काचा फोडा म्हणून."

काचवाल्याला राग यायला हवा होता. आला नाही. गंमत केली होती, हे शब्द जिभेवर आले आणि तिथंच राहिले. गंमत होतीच. पण मेहुण्याचं मन कसं झालंय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बेकरीवाला घरी गेला, ते हसण्यावारी सोडून. हा घरी गेला तो कुणाकडे?

"संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं," तो म्हणाला. "दोघांनी."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल कदाचित."

"ताईला सांगू नका."

"तिला मी सकाळीच सांगितलंय. संशय आहे म्हणून. ती म्हणाली, खरं निघालं तर त्याला घेऊन जा, आणि परतल्यावर दोघंही माझ्यासमोर लगेच येऊ नका."

संध्याकाळी ते गेले. गोलकीपर आणि त्याची बायको समोर बसले, पोरगी शेजारी खेळायला गेली होती. मेहुण्यानं सगळं सांगितलं, मान वर न करता, एकदाही न थांबता. थांबलो तर पुढचं बोलता येणार नाही, अशी भीती असावी त्याला. मग काचवाल्यानं आपला वाटा सांगितला. ते शब्द या खोलीत बोलताना इतके बेचव वाटले की शेवटचा भाग तो जवळजवळ पुटपुटलाच.

मग बाईनं काचवाल्याला विचारलं, "काल काच बसवत होतात, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"संशय होता."

"आणि तरी पोरीशी बोललात."



गोलकीपर मेहुण्याकडे बघत होता. "दगडाचं मला एवढं नाही," तो सावकाश म्हणाला. "शिव्या खातो, दगडही खाईन. पण तुम्ही आज सकाळी तिचा हात धरून तिला गाडीत चढवलंत. रोजच्यासारखं."

मेहुणा रडायला लागला. त्याला रडताना काचवाल्यानं पहिल्यांदा पाहिलं. बायको गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"मी पोलिसांकडे जाणार नाही, शाळेतही सांगणार नाही," गोलकीपर उठत म्हणाला. "पण उद्यापासून ती तुमच्या गाडीत येणार नाही."

बस, एवढंच. दारापर्यंत कुणी सोडायला आलं नाही.

पुढच्या शनिवारी मेहुणा मैदानावर आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. गोलकीपरला बाहेर बसवलं होतं, त्याच्या जागी कुणी नवखा उभा केला. तरी संघ एक हरला, एक बरोबरीत सुटला. म्हणजे गोष्ट एकट्या गोलकीपरची नव्हती, पण हे आता म्हणून काय उपयोग? दुकानात बेकरीवाल्यानं पुन्हा हिशेब मांडला. त्यांचा संघही घसरून बरोबरीला आला होता. "बुडत्याचा पाय खोलात," तो म्हणाला. "यंदा हातात हात घालून जाऊ खाली. सोबत तरी होईल." काचवाला हसला नाही. कशाचीही गंमत करण्याआधी आता तो थबकायचा. बेकरीवाल्याला वाटलं, माणसानं हरणं फारच मनाला लावून घेतलंय.

बायको भावाशी बोलत नव्हती, पण त्याचा डबा भरत होती. डबा न्यायचं काम काचवाल्याकडे. तिसऱ्या आठवड्यात तिनं डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "त्याला मैदानावर न्या. एकटा भिंतींकडे बघत बसला तर अजून काही करून बसेल. ओरडू नका म्हणावं. तुम्हीही नका."

त्या शनिवारी गोलकीपर परत आला. नाव पुकारलं तसे सगळ्या बाजूंनी हुर्यो उठला. पहिलाच साधा चेंडू त्यानं छातीशी धरला, तर लोकांनी चेष्टेनं टाळ्या वाजवल्या. मेहुणा गुडघ्यांमध्ये हात दाबून बसला होता. काचवाल्याच्या मागचा एकजण गोलकीपरच्या पोरीबाळींपर्यंत पोचणारं काहीतरी बोलला. काचवाला आयुष्यात पहिल्यांदा मागं वळला आणि म्हणाला, "ओ, घरच्यांवर नाही जायचं." त्या माणसानं त्यालाही दोन शिव्या घातल्या. त्यापलीकडे काही झालं नाही.

मध्यंतराला शून्य-शून्य. लोक पाय मोकळे करायला उठले. हे दोघे बसूनच राहिले.

"काल दिसली," मेहुणा समोर बघत म्हणाला. "आईबरोबर चालत निघाली होती शाळेत. दप्तर आईच्या खांद्यावर. मी सिग्नलला थांबलो होतो. तिनं गाडी बघितली आणि हात केला. सवयीनं."

"मग?"

"आईनं तो हात धरून खाली घेतला. हळूच, ओढून नाही. तिला सांगितलेलं नाही त्यांनी, दाजी. का जायचं नाही गाडीत, ते अजून सांगितलेलं नाही."

"तू हात केलास का?"

"नाही. कसा करणार?"

खेळाडू बाहेर येऊ लागले. गोलकीपर एकटाच सगळ्यांच्या मागून आला, हातमोज्यांचे पट्टे आवळत, आणि बाजू बदलल्यामुळे आता अलीकडच्या गोलकडे चालत आला. तो गोल या दोघांच्या अगदी समोर होता; उरलेला सामनाभर त्याच्याकडेच बघावं लागणार होतं.