पाळ मीच फोडली

खोटं कशाला सांगू, तीन वर्षं मी माता मायपुढे हात जोडले नव्हते. गावाच्या शिवेवर निंबाखाली तिचं ठाणं आहे. रोज तिथूनच जायचे, पण मान वळवत नव्हते. नवरा काविळीनं गेला तेव्हा किती विनवलं होतं तिला! आम्ही दोघं छत्तीसगडहून वीटभट्टीच्या कामाला आलो आणि सानगडीच्या पलीकडे, जंगलाला लागून पडीक तुकडा घेऊन इथलेच झालो. झुडपं तोडली, धान रोवायला बांध्या पाडल्या, दोन उन्हाळे खपून बोडी खोदली. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. आमचं सगळं धान तिच्याच पाण्यावर. तो गेल्यावर लोक म्हणाले, दोन पोरी घेऊन माहेरी जा. मी म्हटलं, मेले तरी इथंच! आणि मग कुणी मदतीला आलं, तरी मी तोंड फिरवायला लागले. असा माझा स्वभाव.

गेल्या पावसाळ्यात, रोवणी नुकतीच आटोपली होती आणि चार दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी थोरली धावत आली. "आई, पाळीच्या बुडातून पाणी येऊन राहिलं!" बोडीच्या पाळीखालीच, म्हणजे मातीच्या बांधाखालीच आमचं घर, आणि घरात धाकटी तापानं निजलेली. मी टोपल्यानं माती टाकत सुटले. टाकावी तशी वाहून जाई. थोरली म्हणाली, "गावात सांगून येऊ का?" मी तिच्यावर खेकसले, "काही गरज नाही!" आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. आजारी लेकरू आधी बाहेर काढायचं सोडून मी माती टाकत होते. पाळ टिकेलच, हा हट्ट.

शेवटी टोपलं बाजूला टाकलं. मी चिखलात बसले आणि तोंडातून निघालं, "माये, तुझ्याशी मी बोलत नाही, पण माझ्या पोरींकडे पाहा."

मान वर केली तर डोक्यावर पोतं पांघरलेली एक बुढी पाळीवर उभी. कधी पाहिलेली नव्हती. ती खाली उतरली, झिरपणाऱ्या पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "पाणी गढूळ येऊन राहिलं, बाई. पाळ आतून पोकळ झाली. तिकडं नाल्याजवळ घट्ट मुरूम हाय, तिथून फोडून टाक, पाणी नाल्यात जाईन."

"फोडू? माझ्या नवऱ्यानं बांधली ही!"

"पाळ तं पुन्हा बांधशीन. घरातली पोरगी कोठून आणशीन?"

घरात पोरगी आहे हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. थोरलीनं धाकटीला पाठीवर घेऊन उंचवट्यावर नेलं. मी नाल्याजवळ गेले आणि कुदळ उचलली. पहिला घाव घालताना ढसाढसा रडले. पाणी सुटलं ते धडधडत नाल्यात गेलं. बोडी अर्धी झाली, तेव्हा कुठं बुडातली धार थांबली. घर वाचलं. वळून पाहते तर बुढी नाही. कुणी म्हणतं, मासे धरणाऱ्या ढिवरांकडे आलेली पाहुणी असेल, त्या लोकांना पाण्याचं बरोबर कळतं. असेलही. मी चौकशी केली नाही.

पण पाऊस उघडायच्या आत फोडलेली पाळ बुजवून बोडी पुन्हा भरू दिली नसती, तर धान वाळलं असतं, आणि ते एकटीच्या हातचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी माता मायपुढे डोकं टेकलं. मागितलं काहीच नाही. तिथून तशीच गावात गेले. पहिल्याच घरासमोर थांबले. कसंबसं म्हटलं, "माझ्यानं एकटीनं होत नाही, तुम्ही याल का?" घरातली बाई पदर खोचतच बाहेर आली. "अवो, तुम्हीच येऊ देत नव्हत्या," म्हणाली आणि शेजारणींना हाका मारत सुटली. माणसं फावडी घेऊन तिच्या मागे निघाली.

मी रस्त्यातच उभी राहिले. तीन वर्षांत माय माझ्या दारात किती वेळा येऊन गेली असेल, आणि मीच तिला परत पाठवलं.