माझ्या हाताला लावलेला क्लच

लिहिण्याचा मला कसलाही अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करते. आयुष्यभर मी महाविद्यालयात भूगोल शिकवला. इतरांनी लिहिलेले नीट समजावून सांगणे एवढेच माझे काम होते आणि तेही मी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचेल अशा आवाजात केले. त्यामुळे मोटारसायकलच्या दोन लिव्हरांविषयी चार पाने लिहिण्याचे हे धाडस वाचकांनी क्षमेच्या दृष्टीने पाहावे. क्षमा मी फक्त लिहिण्याबद्दल मागते आहे. पुढे जे सांगणार आहे त्याबद्दल नाही.

मोटारसायकल माझ्या यजमानांची. पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना ती चालवायला मनाई केली, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तूच चालव आता." मी पन्नाशी ओलांडलेली होते. कॉलेजला मी वर्षानुवर्षे स्कूटरने जात असे, पण गिअरच्या गाडीची हौस मनात कुठेतरी दडून होती. ती त्यांना ठाऊक होती. मी कधी बोलले नव्हते.

आमच्याच वसाहतीत, इथल्या भाषेत लेआउटमध्ये, दोन प्लॉट सोडून, माझे भासरे राहतात. भासरे म्हणजे यजमानांचे थोरले बंधू. आमच्या घरची रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, आणि भासऱ्यांनीही तिच्याशी थेट बोलायचे नाही. तिच्यादेखत, पण भावाला उद्देशून बोलायचे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून जरा मोठ्याने "चहा झाला" असे म्हटले, तेव्हा ते यजमानांना म्हणाले होते, "तिले सांग, ह्या घरात भासऱ्याले बाईचा आवाज ऐकू येत नसते." तेव्हापासून त्यांना माझा आवाज ऐकू आलेला नाही. त्यांचा मात्र मला रोज ऐकू येतो.

मी गाडी शिकायला घेतली त्या संध्याकाळी ते फाटकाशी उभे होते. माझे हात लहान आहेत. हँडलच्या मुठीवर तळवा ठेवला की क्लचच्या लिव्हरला माझ्या बोटांची फक्त टोके टेकत. ती ओढायची तर तळवा मुठीवरून सुटे, आणि तळवा धरून ठेवायचा तर लिव्हर निसटे. ती तशी निसटली. गाडीने झटका दिला आणि मी गाडीसकट कडेच्या वाळूच्या ढिगावर पडले.

"काहून गा," भासरे यजमानांना म्हणाले, "हे बोटं आहेत का भेंड्या? भेंड्या घेऊन क्लच दाबून राहिली ते!"

भोवती जमलेले लेआउटमधले सगळे हसले. कोपर खरचटले होते, ते मी पदराआड घेतले.

"हे पाहा," म्हणत ते गाडीवर बसले आणि फक्त दोन बोटांनी क्लच ओढून दाखवला. उरलेल्या दोन बोटांतल्या पुष्कराजाच्या आणि पोवळ्याच्या अंगठ्या मुठीवर चमकत होत्या. "दोन बोटांचं काम आहे गा. हिचा तर अख्खा पंजा पुरत नाही." मग उतरता उतरता, सहज आठवल्यासारखे म्हणाले, "अशी पडून राहीन गाडी तुयाकडे. दसऱ्याची पूजा झाली का माह्याकडे आणून ठेव."

यजमानांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली होती, हे मी आजवर विचारलेले नाही. दादांना नाही म्हणणे त्यांच्या अंगी नाही. म्हणजे दसऱ्यापर्यंत गाडी मला चालवता आली नाही तर ती जाणार, हे स्पष्ट होते.

त्या रात्रीपासून मला भेंडीची भाजी शांतपणे चिरता येईना. हे हास्यास्पद आहे, पण खरे आहे. विळीवर बसले की ते हसणे कानात येई, आणि मी भेंडीच्या जागी अंगठ्या घातलेली दोन बोटे कल्पून चिरत असे.

सीताबर्डीच्या गॅरेजात गेले तर तिथला मेकॅनिक म्हणाला, "ताई, गिअरलेस घेऊन घ्या न. हे जेन्ट्सची गाडी आहे." मी परत आले. गाडीचे माहितीपुस्तक कपाटात होते. ते मी शिकवण्याआधी नकाशा वाचावा तसे वाचले, दोनदा, पेन्सिल घेऊन. आणि मग संतापाने कानशिले तापली. कारण गाडी चालवणाऱ्याच्या हाताच्या मापाला लावून घेता येते, हे त्यात छापलेलेच होते. इतके दिवस मी माझ्या बोटांना दोष देत होते.

पुढचे दोन रविवार मी पोर्चमध्ये काढले. यजमान खुर्चीत बसून पाने-पकडी हातात देत. प्रथम मी गाडी स्टँडवर उभी करून तिच्यावर बसले, डोळे मिटले आणि हात सहज पुढे केले. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा यायला हवी होती, आणि माझे मनगट वर वळत होते. हँडलवर लिव्हर धरून ठेवणारे बोल्ट सैल करून दोन्ही लिव्हर थोड्या खाली झुकवल्या आणि पुन्हा कसल्या. ब्रेकच्या लिव्हरला एक लहान चकती असते. तिच्यावर आकडे असतात, आणि ती फिरवली की लिव्हर मुठीच्या जवळ येते. क्लचला ती नव्हती, म्हणून तशी चकतीची लिव्हर सीताबर्डीतून आणून मीच बसवली. केबलला थोडी ढील ठेवली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, ते पाहिले. ब्रेक पूर्ण दाबला तरी लिव्हर मुठीला टेकत नाही, हेही पाहिले. मग चारही बोटांनी क्लच ओढला. तो माझ्या मुठीत संपूर्ण, शांतपणे आला.

यजमान म्हणाले, "बसला न?"

मी म्हटले, "बसला." आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आले, की आता ह्या गाडीचा क्लच दोन बोटांनी ओढता येणार नाही. लिव्हर इतकी जवळ आली होती, की दोन बोटांनी ओढली तर मुठीवर राहिलेली दोन बोटे मध्येच तिच्याखाली सापडणार, आणि क्लच अर्धाच सुटणार. मी पुन्हा एकदा बसून, दोन बोटांनी ओढून, खात्री करून घेतली. त्या दिवशी मी भेंडी केली. उत्तम झाली होती.

पहाटे मोकळ्या रस्त्यावर मी सराव करत राहिले. भासरे उशिरा उठतात.

दसऱ्याला आमच्याकडे दोन्ही घरांच्या गाड्यांची पूजा एकत्र होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. मग थोरल्याने बसून लिंबू चिरडायचे आणि लेआउटची पहिली चक्कर मारायची. ते पांढरा कुर्ता घालून आले. शेजारीपाजारी सोने वाटायला जमलेच होते.

ते गाडीकडे निघाले तेव्हा मी जवळ गेले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटले, "भाऊजी, गाडी माझ्या हाताला लावली आहे. क्लच चार बोटांनी ओढावा लागेल." मला शिकवलेल्या आवाजात. ते हार सारखा करत होते. ते बसल्यावर मी पुन्हा तेच, तितक्याच हळू म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते कधीच पाहत नाहीत.

त्यांनी गाडी सुरू केली, सगळ्यांकडे पाहून दोन बोटांनी क्लच ओढला आणि पहिला गिअर टाकला. गाडीने एक आचका दिला आणि ती बंद पडली. लिंबू चाकाखालून निसटून रांगोळीवर गेले. अख्खे.

"गाडी ठंडी आहे," ते म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा त्यांनी जिद्दीने, जोरात ओढले. पुष्कराजाची अंगठी लिव्हर आणि मुठीच्या मध्ये सापडली आणि त्यांच्या तोंडून "आई वं!" असे निघाले. कोणीतरी फिसकन हसले. मग सगळेच हसले. त्यांच्या शेजारी उभ्या माझ्या जाऊबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "अवो, अख्खा पंजा लावून पाहा न."

"क्लच बिघडवला कोणी?" ते यजमानांवर ओरडले. "विचार तिले!"

"बिघडला नाही, दादा," यजमान म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी दादांच्या डोळ्यांत पाहिले असावे. "हाताले लावला तिनं. दोनदा सांगितलं तुमाले. पण तुमच्यासमोर हळू बोलावं लागते न."

ते उतरले. मी लिंबू उचलून पुन्हा चाकाखाली ठेवले, बसले, चार भेंड्यांनी क्लच ओढला आणि लिंबावरून गाडी काढली. ते फुटल्याचा आवाज मला हॉर्नपेक्षा गोड वाटला. तरी त्यांच्या फाटकासमोरून जाताना हॉर्नही वाजवला. चक्कर एक असते. मी दोन मारल्या.

गाडी त्यांच्याकडे गेली नाही. तिच्याविषयी ते पुन्हा बोललेले नाहीत. मात्र त्यांचा निरोप यजमानांमार्फत आला आहे: लिव्हर होत्या तशा कराव्या, आणि चारचौघांत नीट सांगितले नाही याबद्दल मी दिवाळीआधी माफी मागावी. निरोप आला त्या सायंकाळी मी पोर्चमध्ये गेले आणि क्लचची चकती आणखी एक आकडा आत घेतली. माझ्या हाताला तिची गरज नव्हती. गाडी चालते मात्र छान.

दिवाळी जवळ आली आहे. यजमान माझ्या उत्तराची वाट पाहत आहेत. म्हणून, तुम्ही माझे कोणी नाही हे जाणूनही, तुम्हालाच विचारते: मी त्यांना तिसऱ्यांदा, मोठ्याने सांगायला हवे होते का?