बांडीच्या पायातला लाल दोरा

अंबडच्या कारखान्यात माझं काम माल तपासायचं. मापात न बसलेल्या नगावर लाल ठिपका मारायचा आणि तो बाजूच्या क्रेटमध्ये टाकायचा. दयामाया करायला तिथं कुणी पगार देत नाही. घरामागच्या खुराड्यातही मी हाच कायदा लावला होता. आखाड संपत आला की, श्रावणात मांस बंद व्हायच्या आत, कोंबड्या कमी करायच्या. जी म्हातारी झाली, जी दुसऱ्यांना टोचते, जिच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, तिच्या पायात लाल दोरा. आखाडातल्या शेवटच्या रविवारी दोरा बांधलेल्या सगळ्या पातेल्यात.

गेल्या वर्षी तो दोरा बांडीच्या पायात आला. बांडी म्हणजे जन्मतःच शेपूट नसलेली. सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून, विंचूरहून, बाजरीच्या डब्यात रोवून आणलेल्या अंड्यांतून ती निघाली होती. मागून पाहिलं तर दुधी भोपळाच चाललाय असं वाटायचं. सासूबाईंचा तिच्यावर भारी जीव. त्या चहाला बसल्या की ती पायाशी येऊन उभी राही, आणि त्या बशीतली खारी कुस्करून तिच्यापुढे टाकत. मला माझ्या नवऱ्यानं इतक्या प्रेमानं खारी कधी दिली नाही.

पण तिची अंडी वांझ निघत. फिकट गुलाबी असायची, त्यामुळे लगेच ओळखू यायची. दोनदा ती खुडूक बसलेल्या दुसऱ्या कोंबडीखाली उबवायला ठेवली आणि दोनदा सातव्या दिवशी मोबाईलच्या उजेडावर धरून पाहिली. आत काहीच धरलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी उठले आणि दोरा बांधून टाकला.

"एक महिना थांब ना," सासूबाई म्हणाल्या.

का थांबू, असं विचारलं तर पदर सारखा करत आत निघून गेल्या. शुक्रवारी मी कामावरून वैतागून आले, तर पुन्हा तेच. थांब, पण का ते सांगायचं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, माया करून अंडं फळत नाही."

त्या चुलीकडे वळल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. जेवताना त्यांनी मला भाकरी वाढली आणि नेहमीसारखं वर तूप घातलं.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी मागच्या दारी गेले, तर सासूबाई बांडीला मांडीवर पालथी धरून बसलेल्या, हातात कात्री. दुसऱ्या दिवशी आखाडातला शेवटचा रविवार. दोरा कापतायत असं वाटून माझं डोकं तडकलं.

"चोरून कशाला, आई? मला सांगून कापायचा."

त्यांनी वर पाहिलं. दोरा होता तिथंच होता. लुगड्यावर पिसं पडली होती. त्या बांडीच्या मागच्या बाजूची पिसं कापत होत्या.

"हिला शेपूट नाय," त्या मान खाली घालून म्हणाल्या, "म्हणून मागची पिसं समदी खाली लोंबत्यात. कोंबडा येतो, पण त्याला वाट मिळत नाय. मी लय दिवस बघतेय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सुनेला असलं कसं सांगायचं? लाज वाटती."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांची लाज आणि माझी घाई, दोन्हींच्या मध्ये ती कोंबडी उद्या फुकट गेली असती. कारखान्यात नग नापास करण्याआधी मी माप दोनदा घेते, यंत्र कुठं अडतंय ते बघते. इथं मी नुसता दोरा बांधला होता. मला माझीच लाज वाटली.

"एवढं होतं तर दोरा का नाही कापलात?"

"तू बांधलाय. तूच सोड."

मी त्यांच्या शेजारी बसले. दोरा भिजून आवळला होता, गाठ काही सुटेना. त्यांनी बांडीचा पाय हलकेच धरून ठेवला आणि मी नखानं गाठ उकलली.

श्रावणात बांडीची पाच अंडी पुन्हा उबवायला ठेवली. सातव्या दिवशी आम्ही दोघी त्यातलं एक अंडं घेऊन बाथरूममध्ये शिरलो, दार लावलं, दिवा बंद केला. मोबाईलचा उजेड मी अंड्याला लावला. आत बारीक लाल शिरा पसरल्या होत्या आणि मधोमध एक ठिपका हलत होता. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, म्हणून मी अंडं त्यांच्या डोळ्यांजवळ नेलं.

"दिसलं का, आई?"

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझा हात धरला.

"दिसलं की. तुझाच लाल दोरा हाय गं आत," त्या म्हणाल्या. "ह्यो मात्र सोडू नको."